जन्मकथेचे पुनर्लेखन आणि प्रमाणपरंपरेचा प्रश्न : ‘वंडर वुमन’ या अमेरिकी चित्रकथेच्या संदर्भात

प्रस्तावना

पुराणकथा असो वा आधुनिक चित्रकथा, नायकाच्या जन्माची कथा ही त्याच्या पुढील कर्तृत्वाची भूमिका असते. नायक कोण आहे यापेक्षा तो कोठून आला, हा प्रश्न कथाकाराला अधिक काळ सतावतो. विसाव्या शतकातील अमेरिकी कॉमिक्सच्या इतिहासात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. तेथे एकच पात्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ, अनेक लेखक आणि चित्रकारांच्या हातून, अखंडपणे जिवंत राहते. प्रत्येक नव्या पिढीचा लेखक त्या पात्राची जन्मकथा नव्याने सांगू इच्छितो. परंतु आधीच्या पिढ्यांनी जे सांगितले आहे ते वाचकांच्या स्मरणात असते आणि प्रकाशनसंस्थेच्या दृष्टीने ते ‘कॅनन’ म्हणजेच प्रमाणपरंपरा ठरलेले असते. या दोहोंमधील ताण हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या ताणाचा अभ्यास करण्यासाठी ‘वंडर वुमन’ या महानायिकेचे उदाहरण निवडण्यात आले आहे. सुपरमॅनचा ग्रह नष्ट होतो, बॅटमॅनचे आईवडील मारले जातात. या जन्मकथांत तपशील बदलले तरी गाभा जवळजवळ स्थिर राहिला आहे. वंडर वुमनच्या बाबतीत मात्र जन्म कसा झाला, माता कोण आणि पिता आहे की नाही, या मूलभूत प्रश्नांची उत्तरेच वेळोवेळी बदलली. असे का घडले आणि कोणते बदल टिकून राहिले, याचा विचार येथे कालक्रमाने केला आहे.

मूळ कथा आणि तिची पार्श्वभूमी

या पात्राचे जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हे हार्वर्ड विद्यापीठातून १९२१ मध्ये पीएच.डी. मिळविलेले मानसशास्त्रज्ञ होते. खोटे बोलताना रक्तदाबात होणाऱ्या बदलांवर त्यांनी संशोधन केले होते. त्यांच्या कसोटीचा पुरावा नाकारणारा १९२३ चा ‘फ्राय’ खटल्यातील निवाडा अमेरिकी पुरावा कायद्यात प्रसिद्ध आहे. वंडर वुमनच्या हातातील, सत्य बोलण्यास भाग पाडणारी दोरी या संशोधनाशी जोडून पाहण्याची पद्धत अभ्यासकांत रूढ आहे.

इतिहासकार जिल लेपोर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पात्राचे स्त्रीमताधिकार आणि संततिनियमनाच्या चळवळींशी असलेले नाते उलगडून दाखविले. मार्स्टन यांच्या कुटुंबात त्यांच्या पत्नी एलिझाबेथ हॉलोवे यांच्यासमवेत ऑलिव्ह बर्न याही राहत असत. ऑलिव्ह यांच्या मातोश्री एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अमेरिकेतील पहिले संततिनियमन केंद्र सुरू केले होते. त्यासाठी झालेल्या तुरुंगवासात एथेल बर्न यांनी उपोषण केले. ऑलिव्ह दोन्ही मनगटांत रुंद कडी घालीत असत. मालिकेचे पहिले चित्रकार एच. जी. पीटर यांनी ‘जज’ या साप्ताहिकात काम केले होते. तेथे मताधिकाराच्या मागणीची व्यंगचित्रेही प्रसिद्ध होत असत. साखळदंड तोडणारी स्त्री ही त्या चळवळीच्या चित्रभाषेतील परिचित प्रतिमा होती. ती वंडर वुमनच्या पानापानांवर पुन्हा अवतरलेली दिसते.

या नायिकेचे पहिले दर्शन ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात झाले. अंकावर डिसेंबर १९४१–जानेवारी १९४२ असा काळ छापलेला असला, तरी तो पर्ल हार्बरवरील हल्ल्यापूर्वीच विक्रीस आला होता. केवळ स्त्रियांची वस्ती असलेल्या ‘पॅराडाइज आयलंड’ बेटावर स्टीव्ह ट्रेव्हर या अमेरिकी अधिकाऱ्याचे विमान कोसळते. अ‍ॅमेझॉन स्त्रियांची राणी हिपॉलिटा आपल्या कन्येला स्पर्धेत भाग घेण्यास मनाई करते. कन्या मुखवटा घालून उतरते, बंदुकीच्या गोळ्या मनगटातील कड्यांवर झेलण्याची अखेरची कसोटी जिंकते आणि अमेरिकेस जाण्याचा अधिकार मिळविते.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. मातीपासून झालेला जन्म हा या पात्राचा सर्वांत प्रसिद्ध विशेष होय. परंतु पहिल्या कथेत त्याचा उल्लेखच नाही. तो १९४२ च्या उन्हाळ्यात निघालेल्या ‘वंडर वुमन’ या स्वतंत्र नियतकालिकाच्या पहिल्या अंकात आला. तेथे अथीना देवी हिपॉलिटाला मानवी आकृती घडविण्याची कला शिकविते, राणी मातीची बालिका घडविते आणि अ‍ॅफ्रोडायटी त्या मूर्तीत प्राण फुंकते. पित्याला या कथेत स्थानच नाही. पार्वतीने आपल्या अंगच्या मळापासून गणेशाची मूर्ती घडवून तीत प्राण घातल्याची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला ही कल्पना अनोळखी वाटणार नाही. मातेच्या इच्छेतून, पित्यावाचून झालेली निर्मिती हे दोन्ही कथांमधील साम्य आहे. त्यांच्यात ऐतिहासिक संबंध मात्र मानता येत नाही.

तात्पर्य, आज जिला मूळ कथा म्हटले जाते, ती स्वतःच पहिल्या कथेत काही महिन्यांनी घातलेली भर होती. ती स्वीकारली गेली, कारण तिने आधीच्या कथेतील कोणतीही गोष्ट खोटी ठरविली नाही.

मार्स्टन यांच्यापुढील प्रमाणपरंपरा

मार्स्टन यांनाही कोरी पाटी मिळालेली नव्हती. ग्रीक परंपरेत हिपॉलिटाचा कमरपट्टा आणणे हे हेराक्लीजच्या बारा पराक्रमांपैकी नववे मानले जाते. अपोलोडोरस यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात या प्रसंगी हिपॉलिटा मारली जाते आणि पट्टा विजेत्याकडे जातो. ग्रीक कलेत व वाङ्मयात अ‍ॅमेझॉन ही बहुधा जिंकून घेण्याची शत्रू आहे.

मार्स्टन यांनी या घटनेचा सांगाडा कायम ठेवला आणि दृष्टिकोन उलटा केला. त्यांच्या कथेतही हर्क्युलिस येतो, पट्टा जातो, अ‍ॅमेझॉन गुलाम होतात. परंतु ही कथा पराभूतांच्या बाजूने सांगितली जाते. पट्टा कपटाने घेतला जातो, बंदिनी देवीच्या कृपेने मुक्त होतात आणि त्या दास्याची आठवण म्हणून मनगटांत कायम कडी घालतात. हिपॉलिटा जिवंत राहते. म्हणूनच पुढे तिला कन्या होऊ शकते. आधीची परंपरा नाकारायची नाही, पण तिच्यात ज्यांना वाचा नव्हती त्यांच्या मुखातून ती पुन्हा सांगायची, ही पद्धत येथे प्रथम दिसते. पुढील यशस्वी पुनर्लेखनांनी बहुतांशी हीच वाट धरली.

जन्मकथेचे मवाळीकरण (१९४७–१९६८)

मार्स्टन यांचे १९४७ मध्ये निधन झाले आणि मालिकेची सूत्रे रॉबर्ट कॅनिघर यांच्याकडे आली. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्स बालमनाला घातक असल्याचे प्रतिपादन केले. वंडर वुमनवरही त्यांनी आक्षेप घेतले. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. स्वतंत्र बाण्याच्या, पुरुषांवाचून राहणाऱ्या स्त्रियांचे बेट या वातावरणात अडचणीचे ठरणे स्वाभाविक होते.

१९५९ मध्ये १०५ व्या अंकात कॅनिघर यांनी जन्मकथा नव्याने सांगितली. रॉस अँड्रू आणि माइक एस्पोसिटो हे तिचे चित्रकार होते. या कथेत पाळण्यातील बालिकेला देवदेवता सौंदर्य, शहाणपण, बळ आणि वेग यांचे वरदान देतात. अ‍ॅमेझॉन स्त्रियांचे पुरुष युद्धांत मारले गेलेले असतात आणि त्या शोकातून त्या बेटाकडे वळतात. वरकरणी हा बदल किरकोळ वाटतो. वस्तुतः त्याने कथेचा हेतूच बदलला. १९४२ च्या कथेत बेट हे दास्यातून मिळविलेले स्वातंत्र्य होते, १९५९ च्या कथेत ते वैधव्यातून आलेला एकांतवास झाले. नायिकेच्या मुळाशी असलेला संघर्ष अशा रीतीने एक शब्दही न खोडता पुसला गेला. प्रमाणपरंपरेचा भंग मोठ्या घोषणेने होतोच असे नाही. अनुल्लेखानेही तो होऊ शकतो, हे यावरून लक्षात येते.

शक्तिहरण आणि पुनःस्थापना (१९६८–१९७३)

१९६८ मध्ये डेनिस ओ’नील यांच्या लेखनकाळात नायिकेने आपल्या दैवी शक्तींचा त्याग केला. स्टीव्ह ट्रेव्हरजवळ राहता यावे म्हणून ती अ‍ॅमेझॉनसमवेत दुसऱ्या मितीत जाण्याचे नाकारते, सामान्य स्त्री होते आणि फॅशनच्या कपड्यांचे दुकान चालविते. सामान्य स्त्रीही पराक्रमी असू शकते हे दाखविण्याचा लेखकाचा हेतू असावा. परंतु स्त्रीमुक्ती चळवळीतील अनेकींना हे एका सबल स्त्रीचे शक्तिहरण वाटले. ग्लोरिया स्टायनम यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘मिझ’ मासिकाच्या जुलै १९७२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर वंडर वुमन झळकली, ती जुन्या वेशात. १९७३ च्या आरंभी २०४ व्या अंकात तिच्या शक्ती परत करण्यात आल्या.

वाचकांनी, आणि तेही एका सामाजिक चळवळीने, प्रमाणपरंपरा परत मागावी ही घटना महत्त्वाची आहे. कथेच्या मालकीचा कायदेशीर हक्क संस्थेकडे असला तरी तिच्या अर्थावर समाज आपला हक्क सांगू शकतो, हे तीतून सिद्ध झाले. याच २०४ व्या अंकात नूबिया ही कृष्णवर्णीय अ‍ॅमेझॉन प्रथम आली. पुढे तिची जन्मकथा सांगण्यात आली. तीनुसार हिपॉलिटाने उजळ आणि सावळ्या मातीच्या दोन मूर्ती घडविल्या होत्या आणि युद्धदेव मार्सने सावळी कन्या पळवून नेली. मातीच्या कथेतील एकाही घटकाला धक्का न लावता तिच्या कक्षेत वगळल्या गेलेल्यांना आणण्याचा हा प्रयत्न होता.

पेरेझ यांची पुनर्रचना (१९८७)

डी.सी. कॉमिक्सने १९८५–८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकांची मालिका काढून आपल्या साऱ्या कथाविश्वाची नव्याने मांडणी केली. तिच्या शेवटी वंडर वुमन काळात मागे मागे जात पुन्हा माती होते. जुने नियतकालिकही ३२९ व्या अंकासह बंद झाले. लेखकाला अक्षरशः मातीपासून आरंभ करण्याची मुभा मिळाली होती.

जॉर्ज पेरेझ यांनी संपादक कॅरन बर्गर आणि सहलेखक ग्रेग पॉटर व लेन वेन यांच्या साहाय्याने १९८७ मध्ये नवी मालिका सुरू केली. त्यांनी मातीचा जन्म कायम ठेवला. मात्र या मातीत कोणाचा प्राण आला, असा नवा प्रश्न विचारला. त्यांच्या कथेत अ‍ॅमेझॉन म्हणजे पुरुषांच्या हिंसेला बळी पडलेल्या स्त्रियांचे आत्मे होत. देवींनी त्यांना नवे देह दिले. या स्त्रियांपैकी सर्वांत प्राचीन काळी मारली गेलेली स्त्री गर्भवती होती. तीच पुढे हिपॉलिटा झाली. तिच्या न जन्मलेल्या अपत्याचा आत्मा म्हणजेच डायना. त्यामुळे मातीची मूर्ती घडविण्याची राणीची ओढ हा निव्वळ चमत्कार उरत नाही. हिरावून घेतले गेलेले मूल परत मागणाऱ्या मातेची ती आर्तता ठरते.

पुनर्लेखनाच्या दृष्टीने याहून बोधप्रद उदाहरण पोशाखाचे आहे. ग्रीक राजकन्येच्या अंगावर अमेरिकी ध्वजाचे रंग का, या विसंगतीकडे पूर्वी फारसे लक्ष दिले गेले नव्हते. पेरेझ यांनी त्यासाठी स्टीव्ह ट्रेव्हरच्या मातोश्री डायना ट्रेव्हर यांचे पात्र निर्माण केले. दुसऱ्या महायुद्धकाळातील ही स्त्री-वैमानिक बेटावर उतरते आणि अ‍ॅमेझॉनच्या बाजूने लढताना मृत्यू पावते. राजकन्येचे नाव, तिच्या वेशाची चिन्हे आणि गोळ्यांच्या कसोटीतील पिस्तूल या तीनही गोष्टींचा उगम या एका स्त्रीच्या स्मृतीत दाखविला आहे. परंपरेतील दोष लपविण्याऐवजी त्यालाच कथेचे बीज करणे, हे पेरेझ यांच्या पुनर्रचनेचे वैशिष्ट्य होय.

या पुनर्रचनेने प्रश्नही निर्माण केले. नायिका १९८७ मध्येच मानवी जगात येते असे मानल्यावर महायुद्धकाळातील तिचे सारे कार्य नाहीसे झाले. शिवाय १९६५ पासून टीन टायटन्समध्ये ‘वंडर गर्ल’ म्हणून वावरणारी डॉना ट्रॉय ही नेमकी कोणाची अनुयायी, हा पेच उभा राहिला. त्यामुळे तिची जन्मकथा पुढे वारंवार बदलावी लागली. जॉन बर्न यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिपॉलिटालाच काळाच्या प्रवासाने महायुद्धात पाठवून पहिली उणीव भरून काढली. एका पात्राचा आरंभ बदलला की त्यावर आधारलेल्या इतर पात्रांचे पायही डळमळतात. प्रमाणपरंपरा जपण्यामागे केवळ भक्तिभाव नसून कथेच्या रचनेची अशी व्यावहारिक गरजही असते.

पित्याचे आगमन (२०११–२०१७)

२०११ मध्ये डी.सी.ने पुन्हा एकदा आपल्या सर्व मालिका नव्याने सुरू केल्या. ब्रायन अझरेलो आणि चित्रकार क्लिफ चियांग यांच्या मालिकेत मातीची कथा असत्य ठरविण्यात आली. डायना ही झ्यूस आणि हिपॉलिटा यांची कन्या असून हेराच्या क्रोधापासून तिला वाचविण्यासाठी मातीची कथा रचली गेली, असे तीत उघड होते. पुढे अ‍ॅमेझॉन स्त्रिया खलाशांना भुलवून, त्यांच्याशी संग करून ठार करतात आणि झालेले मुलगे टाकून देतात, असेही चित्रण आले.

अझरेलो यांच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो. देवपिता व राणीमाता, हेराचा मत्सर, अ‍ॅमेझॉन स्त्रियांचे मुलग्यांना दूर करणे, या कल्पना ग्रीक परंपरेच्या जवळच्या आहेत. स्ट्रेबो यांच्या भूगोलग्रंथातही अ‍ॅमेझॉन आपले मुलगे गार्गेरियन लोकांकडे पाठवीत असल्याचे वर्णन आहे. म्हणजे प्राचीन प्रमाणपरंपरेचा आदर करताना या लेखकाने आधुनिक प्रमाणपरंपरा मोडली. कलाकृती म्हणून या मालिकेची प्रशंसाही झाली. परंतु मार्स्टन यांनी जी ग्रीक कथा मुद्दाम उलटी केली होती, तिला पुन्हा सुलटी केल्याने नायिकेच्या सामर्थ्याचा उगम मातेच्या इच्छेतून निघून पित्याच्या रक्तात गेला. झ्यूसची संतती म्हटल्यावर ती हेराक्लीजच्याच पंक्तीतील आणखी एक वीर ठरते. तिच्या वेगळेपणाचे कारणच त्यामुळे क्षीण होते.

२०१६ मध्ये ग्रेग रुका यांनी मालिका हाती घेतली तेव्हा त्यांनी हा विरोधच कथाविषय केला. एका कथानकात नायिकेला आपल्या स्मृती परस्परविरोधी असल्याचे जाणवते आणि ती सत्याचा शोध घेते. समांतर चालणाऱ्या, निकोला स्कॉट यांनी चितारलेल्या कथानकात तिच्या पहिल्या वर्षाची हकिगत सांगितली जाते. सत्याच्या दोरीची स्वामिनीच स्वतःविषयीच्या असत्यात सापडली आहे, ही कल्पना अनेक पुनर्लेखनांचे ओझे वाहणाऱ्या पात्राला साजेशी होती. पॅटी जेनकिन्स दिग्दर्शित २०१७ च्या चित्रपटात मातीची कथा आईने मुलीला सांगितलेली गोष्ट म्हणून येते. पिता मात्र झ्यूसच ठरतो. चित्रपटाचा काळ पहिल्या महायुद्धाचा आहे.

देवींकडे परत (२०२१–२०२२)

केली सू डिकॉनिक यांची ‘वंडर वुमन हिस्टोरिया : द अ‍ॅमेझॉन्स’ ही तीन खंडांची कृती २०२१–२२ मध्ये प्रसिद्ध झाली. फिल हिमेनेझ, जीन हा आणि निकोला स्कॉट यांनी तिची चित्रे काढली. डायनाच्या जन्माची ही कथा प्रामुख्याने तिच्या जन्मापूर्वीच्या काळाची आहे. देवी पुरुषांच्या अत्याचारांनी संतप्त होतात आणि झ्यूसला न कळविता अ‍ॅमेझॉन निर्माण करतात. येथे हिपॉलिटा मात्र देवनिर्मित नसून मर्त्य स्त्री आहे. सुईणीच्या हाताखाली काम करणाऱ्या या तरुणीवर नकोशी झालेली नवजात मुलगी टाकून देण्याची वेळ येते आणि त्या पश्चात्तापातून तिच्या आयुष्याला वळण मिळते.

नवजात अर्भके उघड्यावर टाकण्याची प्रथा प्राचीन ग्रीक समाजात होती. डिकॉनिक यांनी हा ऐतिहासिक तपशील मातीच्या कथेखाली पाया म्हणून घातला. ज्या स्त्रीने एक मुलगी गमावली, तीच पुढे मातीतून मुलगी मागते. पेरेझ यांची आत्म्यांची कल्पना, मार्स्टन यांचा पितृविहीन जन्म आणि ग्रीक पुराणातील देवतांचे वैर हे तीनही धागे येथे एकत्र आले आहेत. कोणताही धागा तोडावा लागलेला नाही. याच काळात नूबियाच्या नव्या मालिकेतही अ‍ॅमेझॉनच्या आत्म्यांची कल्पना पुढे नेण्यात आली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून जन्मकथेच्या पुनर्लेखनाचे तीन प्रकार वेगळे करता येतात. पहिला प्रकार भर घालण्याचा : १९४२ ची माती, १९७३ ची नूबिया, पेरेझ यांची स्त्री-वैमानिक. दुसरा अर्थ बदलण्याचा : घटना तीच राहते, तिचे कारण नव्याने सांगितले जाते. तिसरा रद्द करण्याचा : आधीचे सांगणे असत्य होते असे जाहीर केले जाते. पहिल्या दोन प्रकारांतील बदल दीर्घकाळ टिकले किंवा पुढील लेखकांनी पुन्हा स्वीकारले. तिसऱ्या प्रकारातील बदल अधिक गाजले. परंतु त्यांनाच पुढे पुन्हा उत्तरे द्यावी लागली.

मराठी वाचकाला पुनर्कथनाची परंपरा नवी नाही. ‘व्यासपर्व’, ‘युगान्त’ आणि ‘मृत्युंजय’ या कृती एकाच महाभारताकडे भिन्न दृष्टींनी पाहतात आणि शेजारी शेजारी नांदतात. त्यांपैकी अधिकृत कोणती, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. अमेरिकी कॉमिक्समध्ये हा प्रश्न विचारला जातो, कारण तेथे कथेची मालकी एका व्यापारी संस्थेकडे आहे आणि नवे सांगणे जुन्याची जागा घेते. लेखकाची जबाबदारी त्यामुळे वाढते : तो जे वगळेल ते केवळ त्याच्या पुस्तकातून नव्हे, तर काही काळ तरी त्या पात्राच्या आयुष्यातूनच वगळले जाते.

प्रमाणपरंपरेचा आदर म्हणजे प्रत्येक तपशिलाची जपणूक नव्हे. तसे असते तर पॅराडाइज आयलंडचे ‘थेमिस्कीरा’ होऊ शकले नसते. कथेतील कोणती गोष्ट काढली असता ती दुसऱ्याच कोणाची कथा होईल, हे ओळखणे म्हणजे तो आदर होय. वंडर वुमनच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे मातेच्या इच्छेतून, दास्याच्या स्मृतीसह झालेला जन्म. १९५९ मध्ये ती न बोलता गाळली गेली आणि २०११ मध्ये उघडपणे नाकारली गेली. दोन्ही वेळा पुढील लेखकांना मातीकडे परतावे लागले.